गाझियाबाद कोठे सापडते? शासकीय संकेतस्थळांच्या वेगाचा आणि दृश्यतेचा इतिहास

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला गाझीउद्दीन हे नाव नवे नाही. मात्र त्या नावाच्या दोन माणसांची गल्लत पुष्कळांकडून होते. पहिला गाझीउद्दीन फिरोजजंग हा निजाम-उल-मुल्क आसफजाहचा थोरला मुलगा आणि सलाबतजंगाचा भाऊ. दख्खनची सुभेदारी मिळविण्यासाठी तो पेशव्यांच्या पाठबळावर दक्षिणेत उतरला आणि ऑक्टोबर १७५२ मध्ये औरंगाबाद येथे विषप्रयोगाने मेला. दुसरा त्याचा मुलगा इमाद-उल-मुल्क. यालाही गाझीउद्दीन हाच किताब. १७५४ मध्ये मराठ्यांच्या मदतीने तो वजीर झाला, त्याने अहमदशाह बादशहाला पदच्युत करून आलमगीर दुसरा याला गादीवर बसविले आणि १७५९ मध्ये त्याच आलमगीराचा खून करविला.

दिल्लीच्या पूर्वेस हिंडन नदीजवळ वसलेले गाझीउद्दीननगर यांपैकी कोणी वसविले? महाजालावर विचारा, तर प्रत्येक पान एकच वाक्य पुढे करते : वजीर गाझीउद्दीनने १७४० मध्ये हे नगर वसविले आणि तेथे १२० खोल्यांची सराई बांधली. हे वाक्य इंग्रजी गॅझेटियरांमधून आलेले आहे. गॅझेटियरकारांनी निदान 'सलाबतजंगाचा भाऊ' एवढा खुलासा दिला होता. नकला होत होत तो गळून पडला. आता केवळ 'वजीर' उरला आहे आणि वजीर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे इमाद-उल-मुल्क येतो, जो १७४० मध्ये चार-पाच वर्षांचा पोर होता. पित्याच्या बाबतीत वर्ष जुळते, परंतु वजिरी जुळत नाही. पुढे १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि गाझीउद्दीननगर हे लांबलचक नाव आखडून गाझियाबाद झाले.

प्रशासनावरील लेखमालेत हा अठराव्या शतकाचा प्रपंच कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. कारण असे की, शोधयंत्राने वर आणून ठेवलेले पान हेच आज बहुसंख्य नागरिकांच्या दृष्टीने दप्तर झालेले आहे. शासनाचे मूळ पान मागे राहिले, उशिरा उघडले किंवा वाचताच आले नाही, तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी नक्कल उभी राहते. गावाच्या स्थापनेबद्दल ही नक्कल चुकली तर कोणाचे पोट मारले जात नाही. पीकविम्याची अंतिम तारीख, शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा निविदेची अट यांच्याबद्दल ती चुकली तर मारले जाते.

गाझियाबाद या नावाचीच गंमत पाहा. मराठीत आपण झ लिहितो. हिंदीत 'गाज़ियाबाद' असे ज खाली नुक्ता देऊन लिहितात, आणि घाईत नुक्ता सोडून 'गाजियाबाद' असेही लिहितात. म्हणजे एका देवनागरी लिपीत तीन लेखनरूपे झाली. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती चार आहेत. युनिकोडमध्ये नुक्तेदार ज साठी एक स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. शिवाय साधा ज आणि त्यापुढे वेगळा नुक्ता अशा दोन क्रमांकांच्या जोडीनेही तेच अक्षर तयार होते. पडद्यावर दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमानुसार जोडीचे रूप प्रमाण ठरते व एकेरी रूप त्यात विरघळते. पण हे प्रमाणीकरण कोणी तरी आज्ञावलीत मुद्दाम लिहावे लागते. मोठ्या शोधयंत्रांनी ते केव्हाच लिहिले. कार्यालयांच्या संकेतस्थळांवरील 'शोधा' या चौकटीमागच्या आज्ञावल्यांत ते सर्वत्र लिहिलेले असेलच असे नाही. तसे नसेल तर नागरिक नाव बरोबर टंकतो, पान अस्तित्वात असते आणि उत्तर येते : 'माहिती उपलब्ध नाही.'

आपण मराठी माणसांनी यावर हसण्याचे कारण नाही. 'शेतकऱ्यांना' हा महाराष्ट्र शासनाच्या कागदांत पदोपदी येणारा शब्द घ्या. त्यातील अर्धा र हा मराठीचा खास अलंकार. तो दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, हलंत आणि य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दुसरी रीत युनिकोडच्या आरंभीच्या आवृत्त्यांच्या काळची; अनेक जुन्या टंकलेखन साधनांनी तीच उचलली आणि तिच्यात लाखो पाने लिहिली गेली. एका कार्यालयातील एका कारकुनाच्या संगणकावर पहिली रीत आणि शेजारच्या टेबलावर दुसरी, असे चित्र दुर्मिळ नाही. सातबाऱ्याचेही तेच. कोणी 'सातबारा' लिहितो, कोणी '७/१२', कोणी इंग्रजी आकड्यांत, आणि तलाठ्याच्या लेखी ते 'गाव नमुना सात' व 'गाव नमुना बारा' असे दोन नमुने असतात. शोधणारा शेतकरी यांपैकी कोणता शब्द टंकणार हे ज्या अधिकाऱ्याने आधी ठरविले नाही, त्याने पान प्रसिद्ध केले एवढेच. ते पोचविले नाही.

कागद सापडणे आणि लवकर सापडणे हे प्रशासनाचे फार जुने दुखणे आहे. पेशवे दफ्तरातील रुमालांची संख्या पस्तीस हजारांच्या घरात सांगितली जाते, त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा कोठे त्या दफ्तराचा सामान्य अभ्यासकाला उपयोग होऊ लागला. अलीकडच्या काळात १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी पुनर्रचना केली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजली. तिचा गाभा विलक्षण साधा होता : निरुपयोगी कागद बाहेर काढा, उरलेल्यांचे वर्गीकरण करा, प्रत्येक गठ्ठ्याला जागा ठरवून द्या, आणि मागितलेला कागद काही मिनिटांत हाती येईल असे करा. 'सहा गठ्ठे पद्धत' तर आपल्या सर्वांच्याच अंगवळणी पडलेली. अभिलेखकक्षासाठी आपण हे सारे केले. संकेतस्थळ हाही एक अभिलेखकक्षच आहे, ही जाणीव मात्र फार उशिरा आली, कारण संकेतस्थळाचे काम दीर्घकाळ प्रसिद्धीचे काम मानले गेले आणि प्रसिद्धीच्या कामात फीत कापली की विषय संपतो.

आता इतिहासाकडे वळू. १९७६ हे वर्ष या कथेत योगायोगाने तीनदा येते. त्या वर्षी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'एनआयसी', स्थापन झाले. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी नॉयडा प्राधिकरण अस्तित्वात आले, आणि १४ नोव्हेंबर रोजी मेरठपासून तोडून गाझियाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या सहकार्याने भारत सरकारने गाझियाबाद येथे दूरसंचाराचे उच्चस्तरीय प्रशिक्षण केंद्र काढले होते. देशभरातील दूरसंचार अभियंत्यांच्या पिढ्या त्या केंद्रातून शिकून गेल्या. पुण्या-नागपुरातील टेलिफोन भवनांमधील कितीतरी वरिष्ठ मंडळींच्या सेवापुस्तकात 'प्रशिक्षण : गाझियाबाद' अशी नोंद सापडते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनआयसीने उपग्रहाच्या आधारे 'निकनेट' उभारले आणि जिल्हा मुख्यालये दिल्लीशी जोडली. तारा नसलेल्या जिल्ह्यांत संदेश पोचविण्याचा तो धाडसी मार्ग होता, आणि त्या काळाच्या मानाने यश मोठे होते. परंतु उपग्रहाचा एक अंगभूत दोष आहे. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायचा म्हणजे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर यायचे तर अर्धा सेकंद. आरंभीच्या पद्धतीत पानावरील प्रत्येक चित्रासाठी आधी ओळख व मग मागणी अशा दोन फेऱ्या कराव्या लागत, म्हणजे एका चित्रामागे एक सेकंद निव्वळ वाट पाहण्यात जाई. पानावर ३० चित्रे असली आणि ती चार-चारच्या गटांनी मागविली, तरी आठ सेकंद काहीही न वाहता गेले. तारेची रुंदी कितीही वाढवा, ही प्रतीक्षा कमी होत नाही. ही गोष्ट आमच्या खरेदी समित्यांच्या गळी उतरविणे कठीण होते, आणि अजूनही आहे. 'वेग वाढवा' म्हटले की प्रस्ताव येतो तो अधिक रुंद जोडणीचाच.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने महाजाल सामान्य ग्राहकांस खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या किरकिराटात जोडणी मिळे. सेकंदाला २८.८ किलोबिटच्या जोडणीवर शंभर किलोबाइटचे पान उतरायला जवळजवळ अर्धा मिनिट लागे. या काळात मराठी संकेतस्थळांपुढे एक दुहेरी संकट होते, आणि ते इंग्रजी संकेतस्थळांना ठाऊकही नव्हते.

संकट टंकाचे, म्हणजे फॉन्टचे. भारताने भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये अधिकृत केले होते; त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावरून घेतली गेली. म्हणजे मानक नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु छपाईच्या धंद्यातून आलेल्या टंकसंचांनी आपापली खाजगी सांकेतिक व्यवस्था चालू ठेवली. सुरेख, श्रीलिपी, आकृती यांपैकी एकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक अक्षरे दिसत. या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत : कुठे काना, कुठे अर्धा क, कुठे र चा रफार. माणसाला पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसे; यंत्राला रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे. शोधयंत्र हे यंत्रच असल्याने त्याच्या लेखी महाराष्ट्र शासनाचे ते पान मराठीत नव्हतेच. ते कोणत्याच भाषेत नव्हते.

यावर तोडगे तीन निघाले. वाचकाने टंक उतरवून घ्यावा, हा पहिला; सायबर कॅफेत बसलेल्या माणसाला तो उतरविण्याची मुभाच नसे. दुसरा तोडगा 'डायनॅमिक फॉन्ट'चा : पानाबरोबर टंकही पाठवायचा. टंकाची फाइल साठ किलोबाइटची धरली, तर त्याच मोडेमवर पानाच्या आधी सतरा सेकंद तिच्यासाठी. शिवाय एका न्याहाळकासाठी केलेला टंक दुसऱ्यात चालत नसे. तिसरा तोडगा मजकुराचे चित्र करून टाकण्याचा. तो सर्वांत सोपा, म्हणून शासकीय कार्यालयांना सर्वांत प्रिय झाला. चित्र जड, त्यात शोध चालत नाही, दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र तेथे मुके होते, आणि कालांतराने मूळ मजकूर कोठे आहे याचा पत्ता कोणालाच राहत नाही. मंदपणा आणि अदृश्यता ही दोन वेगळी दुखणी नव्हेत, हे या तिसऱ्या तोडग्यात स्वच्छ दिसते. जो उपाय पान जड करतो तोच त्याला लपवितो.

विंडोज २०००, व त्याहून अधिक विंडोज एक्सपी, यांच्याबरोबर युनिकोडमधील देवनागरी सामान्य संगणकावर आली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. हौशी मराठी मंडळींनी अनुदिन्या लिहिल्या, चर्चास्थळे काढली, आणि जे काम शासनाने करायला हवे होते ते, म्हणजे महाजालावर शोधता येईल अशा मराठीचा साठा तयार करणे, फावल्या वेळात केले. जुन्या टंकांतील वर्तमानपत्रे युनिकोडमध्ये वाचता यावीत म्हणून 'पद्मा' नावाची एक जोड-आज्ञावली फायरफॉक्ससाठी निघाली होती. तिचा उपयोग केलेले वाचक या लेखाच्या वाचकांतही असतील. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड ५.१ व त्यापुढील आवृत्त्या आणि ओपन फॉन्ट हे मानक म्हणून घोषित केले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. इस्की मानक अधिकृत झाल्यानंतर अठरा वर्षांनी, असे गणित मांडले की ते जरा कडवट वाटते. पण ते खरे आहे.

वेगाच्या बाजूने मात्र एक मोठे काम झाले होते, आणि ते गाझियाबादच्या अंगणात झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत देशातील दोन वेगवेगळ्या सेवादात्यांच्या जाळ्यांना परस्परांशी बोलायचे झाले, तर ते पुष्कळदा परदेशात जाऊन बोलत. गाझियाबादेतला ग्राहक एका कंपनीचा आणि दिल्लीतला सर्व्हर दुसऱ्या जाळ्यावर असेल, तर पंचवीस-तीस किलोमीटरच्या अंतरासाठी प्रश्न समुद्राखालून अमेरिकेला जाई व तेथून दिल्लीला परते. हे जाणे-येणे हवाई अंतराने मोजले तरी २४,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतील प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणून केवळ प्रश्न पोचण्यास ०.१२ सेकंद आणि उत्तरास पुन्हा तेवढेच. खर्च वेगळाच, कारण परदेशी तारेचे भाडे डॉलरमध्ये. जून २००३ मध्ये 'निक्सी' ही भारतीय महाजाल विनिमय संस्था स्थापन झाली आणि तिचे एक आरंभीचे केंद्र नॉयडात उघडले. मुंबई, चेन्नई व कोलकाता येथेही केंद्रे झाली. देशातला प्रश्न देशातच सोडवावा, एवढाच तिचा उद्देश. नॉयडा १९९७ मध्ये गौतमबुद्धनगर जिल्ह्यात जाईपर्यंत गाझियाबाद जिल्ह्याचाच भाग होते, तेव्हा उत्तर भारताच्या महाजालाची ही चावडी जुन्या गाझियाबादच्या भूमीवर बसली असे म्हणावयास हरकत नाही. पंचायतीचा वाद तालुक्यातच मिटविण्यासारखी ही सुधारणा. तिचा गाजावाजा झाला नाही, पण नागरिकाला जाणवणाऱ्या वेगात तिने घातलेली भर अनेक महागड्या योजनांपेक्षा अधिक होती.

कायद्याकडे येऊ. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ ची चर्चा आपल्याकडे सतरा बाबींच्या स्वयंप्रसिद्धीपुरती होते. प्रत्येक कार्यालयाने ती सतरा प्रकरणांची पुस्तिका एकदा छापली आणि नंतर फक्त वर्ष बदलले. पण त्याच कलमाचे पहिले उपकलम अभिलेखांची सूची व निर्देशांक करण्यास, ते संगणकात घालण्यास आणि देशभरच्या जाळ्याने जोडण्यास सांगते; चौथे उपकलम माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन विचारात घ्या असे बजावते. 'निर्देशांक' हा शब्द शोधयंत्रे वापरतात त्याच अर्थाने येथे आहे. माझ्या मते शोधता न येणारे, स्थानिक भाषेत यंत्राला वाचता न येणारे पान हे या कलमाचे अपुरे पालन आहे. कोणत्याही माहिती आयोगापुढे हा मुद्दा नेटाने मांडला जावा असे मला फार वाटते.

२००९ च्या आरंभी एनआयसीने तयार केलेली 'भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे' केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा विभागाने स्वीकारली. हा दस्तऐवज चांगला आहे आणि कमी वाचला गेला आहे. शासकीय पत्ता शासकीय उपनामाचाच असावा, पानाला अर्थपूर्ण शीर्षक असावे, उतरवून घ्यायच्या फाइलीचा आकार आधी सांगावा, अशा समंजस सूचना त्यात आहेत. त्यातच एक अशी अट आहे की, समर्पक शब्द टंकले असता संकेतस्थळ प्रमुख शोधयंत्रांच्या पहिल्या पाच निकालांत यावे. ही अट वाचून मला नेहमी मौज वाटते. परक्या कंपनीच्या तराजूत आपले वजन किती भरावे हे परिपत्रकाने ठरविण्याचा हा बहुधा पहिलाच प्रयत्न असावा. तरीही त्या अटीमागची दृष्टी योग्य होती, कारण तिने यश मोजण्याची जागा कार्यालयातून उचलून नागरिकाच्या पडद्यावर नेली.

तराजूही बदलत गेला. २००५ मध्ये गूगलने 'साइटमॅप' ही पद्धत आणली व २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टने ती मान्य केली. संकेतस्थळाने आपल्या सर्व पानांची यादी यंत्राला द्यायची, एवढीच ती. अभिलेखकक्षाच्या दाराशी टांगलेली सूची म्हणा. स्टीव्ह साउडर्स यांच्या २००७ च्या पुस्तकाने दाखवून दिले की विलंबाचा बहुतांश भाग सर्व्हरच्या खोलीत नसतो, पान ज्या रीतीने रचले आहे तीत असतो. एप्रिल २०१० मध्ये गूगलने संकेतस्थळाचा वेग हा क्रम लावण्याच्या निकषांत धरत असल्याचे जाहीर केले. आरंभी त्याचा परिणाम एक टक्क्याहून कमी शोधांवर होता. जुलै २०१८ पासून भ्रमणध्वनीवरील वेग धरला गेला आणि २०२० मध्ये घोषित झालेल्या निकषांनुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी अपेक्षा आली. म्हणजे जड पानाला आता दुहेरी दंड झाला : आलेला नागरिक कंटाळून जातो, आणि न आलेल्याला ते दाखविलेच जात नाही.

आणि आपली पाने जड का झाली? येथे तंत्रज्ञांना दोष देणे अन्यायाचे होईल. मुखपृष्ठावर मान्यवरांची छायाचित्रे हवीत, ती कॅमेऱ्यातून निघाली त्याच आकारात चढवायची, ती सरकती हवीत, खाली धावती पट्टी हवी, भेट देणाऱ्यांचा आकडा फिरता हवा. हे आदेश वरून येतात. एका छायाचित्राचे तीन मेगाबाइट धरा. २००४ च्या धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणजे किमान २५६ किलोबिट. त्यावर ते एक छायाचित्र उतरायला दीड मिनिट लागे. २०१३ मध्ये व्याख्या ५१२ किलोबिट झाली, २०२३ मध्ये दोन मेगाबिट, आणि त्यावरही बारा सेकंद. हेच छायाचित्र योग्य आकारात आणले तर शंभर किलोबाइटमध्ये बसते व मान्यवरांच्या प्रतिष्ठेस बाधा येत नाही. एका कार्यालयात अशी सूचना आली असता 'फोटो लहान करणे औचित्यास धरून होईल काय' असा शेरा मारून नस्ती वर पाठविली गेल्याचे मी पाहिले आहे. ती परत आली तेव्हा फोटोतील मान्यवर बदलले होते.

महाराष्ट्रातील शासन निर्णयांबाबत मात्र एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक शासन निर्णयाच्या अखेरीस तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असे वाक्य येते. या अठरा आकडी संकेतांकाचे पहिले आठ आकडे दिनांकाचे असतात. त्यामुळे ज्याच्या हाती संकेतांक आहे त्याला कागद हमखास सापडतो. ज्याच्या हाती तो नाही, त्याच्यासाठी वाट बिकट आहे. जुन्या निर्णयांतील पुष्कळ नुसती छायाचित्रे आहेत, त्यांवर शोध चालत नाही. आणि युनिकोडमध्ये टंकलेला मजकूरही पीडीएफ करताना जोडाक्षरांच्या ठिकाणी फुटतो, म्हणून दिसायला अचूक असलेला 'प्रमाणपत्र' हा शब्द यंत्राला भलताच वाचता येतो. शिवाय जेथे विभाग, दिनांक व शीर्षक भरून मगच यादी मिळते, तेथे शोधयंत्र थबकते. त्याला अर्ज भरता येत नाही.

ही पोकळी रिकामी राहत नाही. आज दिल्लीत नोकरी करणारी अनेक मराठी कुटुंबे गाझियाबादच्या इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा या वसाहतींत राहतात. लातूरकडच्या गावातील जमिनीचा सातबारा किंवा मुलाच्या प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला यांसाठी त्यांना हजारभर किलोमीटर प्रवास परवडत नाही. ते शोधयंत्रात शब्द टंकतात. वर येतात ती खाजगी पाने : चटकन उघडणारी, सोप्या मराठीत लिहिलेली, 'अर्ज कसा करावा' हे टप्प्याटप्प्याने सांगणारी, आणि कडेला जाहिराती लावलेली. त्यांतील काही प्रामाणिक असतात. काही मात्र शासकीय मुखवटा चढवून शुल्क व कागदपत्रे घेतात. पारपत्र विभागाला तर स्वतःच्या संकेतस्थळावर बनावट संकेतस्थळांची नावे देऊन नागरिकांना सावध करावे लागले आहे. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला व दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरले. अर्जाचे पान किती सेकंदांत उघडावे हे कोणत्याही अधिसूचनेत नाही, आणि ज्याचे पानच उघडले नाही त्याचा कालावधी मोजायला सुरुवातच होत नाही.

अलीकडे एनआयसीने जिल्ह्यांसाठी एकाच साच्याची संकेतस्थळे देणारी सेवा चालविली आहे. तिच्यामुळे गाझियाबादचे असो वा लातूरचे, जिल्ह्याचे पान भ्रमणध्वनीवर नीट उघडते, मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि रचना ओळखीची असते. हा मोठाच पल्ला आहे. साचा मात्र रिकामा भांडेवजा असतो. त्यात कार्यालय अजूनही वाकडे स्कॅन केलेले कागद ओतते, आणि फाइलीला 'नवीन दोन अंतिम' असे नाव देते.

शेवटी एक गोष्ट पत्त्यांविषयी. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवले की चांगला पत्ता बदलत नाही. शासनात पत्ता बदलतो, कारण खाती विलीन होतात, जिल्हे फुटतात आणि नावे बदलतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट लावून ठेवण्याची सोय तंत्रात आहे, तिला खर्च नाही. पण तिची आठवण संकेतस्थळाचा कंत्राटदार बदलताना कोणालाच होत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे मिळविलेले शोधयंत्रातील स्थान एका रात्रीत जाते. हापूडजवळच्या एखाद्या खेड्याचा विचार करा. १९७६ पूर्वीच्या कागदांत ते मेरठ जिल्ह्यात आहे, त्यानंतर गाझियाबाद जिल्ह्यात, २०११ मध्ये पंचशीलनगर जिल्ह्यात आणि २०१२ पासून हापूड जिल्ह्यात. गाव जागचे हललेले नाही. आपल्याकडे १९८२ मध्ये लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. लातूर तालुक्यातील एखाद्या गावाचा १९८० सालचा फेरफार इंदिरापुरमच्या सदनिकेत बसून शोधणाऱ्याला उस्मानाबाद हे नाव द्यावे लागेल, आज ते नाव कोणत्याही फलकावर नाही, आणि सूची करणाऱ्याने दोन्ही नावे एकमेकांना जोडून ठेवली असतील तरच त्याला तो कागद मिळेल.